शस्त्रक्रियेआधीची केमो: पहिल्या सायकलपूर्वी कोणतं इमेजिंग, कोणत्या क्रमाने, आणि कुठे चुकतं?

शल्यनिवासी

स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी केमो ठरलेल्या रुग्णांसाठी एका पानाची तपासयादी करतो आहे. केमोची तारीख मिळाली की सगळे घाईत असतात. इमेजिंगमधलं काही राहून गेलं असेल तर ते चार-पाच महिन्यांनी, ऑपरेशनच्या तोंडावर लक्षात येतं. तोवर गाठ विरघळलेली असते, काखेतला नोड (लसीकाग्रंथी) नॉर्मल दिसतो, आणि नेमकं काय काढायचं हे सांगायला कागदावर काहीच नसतं.

चर्चेसाठी एक नमुना धरू. वय ४६, पाळी चालू. डाव्या स्तनात २ च्या काट्यावर ३८ मिमीची गाठ. तिथून निपलच्या दिशेने बारीक कॅल्सिफिकेशन (कॅल्शियमचे दाणे), गाठ धरून एकूण ६० मिमी. काखेत जाड कॉर्टेक्सचा (बाहेरच्या थराचा) एक नोड. बायोप्सीत इन्व्हेझिव्ह डक्टल (दुधाच्या नळीतून बाहेर पसरलेला), ग्रेड ३, ईआर-पीआर (हार्मोन रिसेप्टर) निगेटिव्ह, हर-टू (पेशींची वाढ चेतवणारं प्रथिन) पॉझिटिव्ह. दर तीन आठवड्यांनी एक अशा सहा सायकली, सोबत ट्रास्टुझुमॅब (हर-टूवरचं औषध). स्तन वाचवायची रुग्णाची इच्छा आहे.

पहिल्या सायकलआधी काय झालंच पाहिजे आणि काय ऐच्छिक? क्लिप (जागा ओळखायला आत ठेवायची धातूची बारीक खूण) नेमकी कधी आणि किती? एमआरआय प्रत्येकीला हवा का? पेट-सीटी कुणाला? आणि केमो चालू असताना गाठ कमी होतेय हे मोजायचं कशाने? ज्याच्या-त्याच्या कामातले बारकावे लिहिलेत तर यादी खऱ्या उपयोगाची होईल.

---

पांढरी_फिल्म

चांगला विषय काढलात. केमोआधी जे नोंदवलं नाही ते नंतर कोणतंही मशीन परत आणून देत नाही, हे एक डोक्यात ठेवलं की क्रम आपोआप लागतो.

सुरुवात दोन्ही बाजूंच्या मॅमोने (स्तनाच्या एक्स-रेने), शक्यतो सुई लागायच्या आधी. सीसी (वरून खाली) आणि एमएलओ (तिरका) हे नेहमीचे दोन व्ह्यू. एमएलओत पेक्टोरल स्नायू निपलच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे. निपलपासून मागे स्नायूपर्यंतची रेघ दोन्ही व्ह्यूंत मोजा. सीसीतली रेघ १ सेंमीपेक्षा जास्त आखूड असेल तर मागचा भाग फिल्मबाहेर राहिला आहे, पुन्हा घ्या.

तुमच्या नमुन्यात सगळ्यात महत्त्वाचं आहे ते कॅल्सिफिकेशन. त्यासाठी मॅग्निफिकेशन व्ह्यू हवेत: सीसी आणि खरा लॅटरल, म्हणजे ९० अंशांचा, एमएलओवर भागवू नका. दीडपट ते १.८ पट मोठं करायचं आणि फोकल स्पॉट (ट्यूबमध्ये एक्स-रे जिथून निघतात तो ठिपका) ०.१ मिमीचा लावायचा. हा छोटा स्पॉट कमी करंट पेलतो, त्यामुळे एक्स्पोजर लांबतं. रुग्णाने श्वास रोखला नाही किंवा कॉम्प्रेशन ढिलं राहिलं तर अर्धा मिमीपेक्षा लहान दाणे पुसटून जातात, आणि ६० मिमीचा पट्टा ३५ मिमीचा वाटतो. टोमो (थराथरांचा मॅमो) केला म्हणून मॅग्निफिकेशन टाळू नका. काखेतली पावडर किंवा डिओडरंट आधी पुसून घ्या. फिल्मवर ते हुबेहूब कॅल्सिफिकेशनसारखं दिसतं.

एवढा आग्रह का, तर केमोने गाठ गेली तरी कॅल्शियमचे दाणे बहुतेक वेळा जागच्या जागी राहतात. त्यांच्याखाली जिवंत पेशी उरल्यात की नाही हे मॅमोवरून सांगता येत नाही. एमआरआय कोरा आला तरी संशयास्पद दाण्यांचा सगळा पट्टा काढणं हाच आजचा नेहमीचा रिवाज आहे. म्हणजे स्तन वाचणार की नाही हे तुमच्या रुग्णाबाबत ३८ मिमीच्या गाठीवर जेवढं अवलंबून आहे त्याहून जास्त ६० मिमीच्या पट्ट्यावर आहे, आणि केमो त्या पट्ट्याला आखूड करणार नाही. हे रुग्णाला पहिल्या भेटीतच सांगायला हवं. शेवटच्या सायकलनंतर सांगितलं तर तिला फसवल्यासारखं वाटतं, आणि तिचं ते वाटणं रास्तच असतं.

पट्ट्याचं लांबचं टोक खरंच आजाराचं आहे का हे सुईने सिद्ध करा. स्टिरिओटॅक्टिक (मॅमोवर जागा ठरवून केलेली) व्हॅक्यूम बायोप्सी, ९ ते ११ गेजची सुई, आणि निघालेल्या तुकड्यांचा तिथेच एक्स-रे. तुकड्यांत दाणे दिसले नाहीत तर 'निगेटिव्ह' या शब्दाला काही अर्थ नाही.

मग सोनोग्राफी. गाठ तीन मापांत, घड्याळाचा काटा आणि निपलपासूनचं अंतर सेंमीत. रिपोर्टमधली ओळ अशी असावी: 'डावा स्तन, २ चा काटा, निपलपासून ५ सेंमी, ३८ × २९ × २६ मिमी, त्वचेपासून ९ मिमी खोल.' 'वरच्या बाहेरच्या भागात मोठी गाठ' असं लिहिलेलं सहा सायकलींनंतर कुणाच्याही उपयोगाचं नाही. गाठीतून कोअर बायोप्सी १४ गेजने. स्प्रिंगच्या गनमध्ये सुई साधारण २२ मिमी पुढे झेपावते, म्हणून ती छातीच्या भिंतीला समांतर ठेवूनच सोडायची.

काखेत कॉर्टेक्स ३ मिमीपेक्षा जाड, एका जागी फुगवटा किंवा मधली चरबी नाहीशी झालेली असेल तर सुई घाला. नुसतं 'नोड संशयास्पद' असं लिहून थांबू नका. असे नोड किती आहेत तो आकडा लिहा: एक, दोन-तीन, की चारच्या वर. काख पूर्ण साफ करायची की मोजकेच नोड काढायचे हा निर्णय पुढे या आकड्यावर फिरतो. कॉलरबोनच्या वर-खालीही प्रोब फिरवा.

क्लिप बायोप्सीच्या त्याच बैठकीत टाकणं सगळ्यात सोपं. रिपोर्ट येईपर्यंत थांबलात की दुसरी अपॉइंटमेंट लागते, आणि नेमकी तीच केमोच्या गडबडीत राहते. तुमच्या नमुन्यात मी तीन म्हणेन: गाठीत एक, कॅल्सिफिकेशनच्या निपलकडच्या टोकाला एक, नोडमध्ये एक. तिन्हींचे आकार वेगळे ठेवा, रिंग, कॉइल, रिबन असे, आणि कोणता आकार कुठे हे रिपोर्टमध्ये लिहा. नोडसाठी सोनोग्राफीत उठून दिसणारी, म्हणजे जेलचं आवरण असलेली क्लिप घ्या. नोड आकसला की साधी धातूची क्लिप चरबीत शोधणं फार जिकिरीचं होतं.

क्लिपनंतर सीसी आणि ९० अंशांचा लॅटरल असे दोन व्ह्यू घेतल्याशिवाय रुग्णाला सोडू नका. स्टिरिओटॅक्टिक बायोप्सीत स्तन दाबलेला असतो. दाब सुटल्यावर तो अ‍ॅकॉर्डियनसारखा उघडतो आणि क्लिप सुईच्या रेषेत मागे-पुढे सरकते. सरकली तर सरकली, पण 'क्लिप लक्ष्यापासून १४ मिमी आतल्या बाजूला' असं लिहिलेलं असलं की काम भागतं. न लिहिलेली सरकलेली क्लिप मात्र सर्जनला चुकीच्या जागी घेऊन जाते.

---

कॉइलवाला

एमआरआयबद्दल. प्रत्येकीला हवाच असं नाही. मॅस्टेक्टॉमी ठरलेली आहे, गाठ मॅमो-सोनोग्राफीत स्वच्छ दिसते आणि दुसऱ्या बाजूला शंका नाही, तर एमआरआयने निर्णय फारसा बदलत नाही. थेट ऑपरेशनला जाणाऱ्या १६२३ स्त्रियांवरच्या कॉमिस चाचणीत (२०१०) एमआरआय केलेल्या आणि न केलेल्या दोन्ही गटांत पुन्हा ऑपरेशन लागायचं प्रमाण १९ टक्केच निघालं. पण ती चाचणी आधी केमो घेणाऱ्यांची नव्हती. केमो घेऊन स्तन वाचवायचा विचार असेल, स्तन दाट असेल, लोब्युलर (दूधग्रंथीच्या खंडिकेतला) कर्करोग असेल किंवा मॅमो आणि सोनोग्राफीच्या मापांत बराच फरक असेल, तर पहिल्या सायकलआधीचा एमआरआय मी आग्रहाने मागेन. आधीचा नसेल तर नंतरच्याची तुलना करायला काही उरत नाही.

पाळीच्या ७ ते १४ व्या दिवशी करा हा नियम स्क्रीनिंगचा आहे. त्या दिवसांत निरोगी ग्रंथी कॉन्ट्रास्ट कमी ओढतात, हे खरं. पण निदान झालेल्या रुग्णाची केमो त्यासाठी दोन आठवडे लांबवू नका. रिपोर्टिंगला पाळीचा दिवस कळवला म्हणजे पुरे.

स्कॅन बिघडतो तो मुख्यतः टेबलावर. रुग्ण पालथी, दोन्ही स्तन कॉइलमध्ये सरळ खाली लोंबते, निपल खाली, बाजूला घडी नाही. काखेची घडी कॉइलच्या कडेवर चेपली की तिथलं फॅट सप्रेशन (चरबीचा उजेड दाबणं) फसतं आणि बाहेरचा भाग खोटाच पांढरा दिसतो. हात बधिर झाले की पाचव्या मिनिटाला रुग्ण हलते, म्हणून कॉन्ट्रास्ट सोडायच्या आधीच दोन मिनिटं देऊन खांद्याखाली उशी नीट करा. शिरेत २० गेज, गॅडोलिनियम ०.१ मिलिमोल प्रति किलो, साधारण २ मिली प्रति सेकंद, मागून २० मिली सलाइन. स्लाइस ३ मिमी किंवा पातळ, स्लाइसच्या पातळीतला पिक्सेल १ मिमी किंवा त्याहून लहान. कॉन्ट्रास्टनंतरची पहिली मालिका अशी लावा की तिचा मध्य ६० ते १२० सेकंदांत पडेल. आक्रमक गाठ तेव्हा सर्वात उजळ असते. रुग्ण मध्ये हलली तर सबट्रॅक्शनमध्ये (कॉन्ट्रास्टनंतरच्या चित्रातून आधीचं वजा केलेलं चित्र) कडांना दुहेरी रेघा येतात. अशा वेळी सबट्रॅक्शन बाजूला ठेवा आणि मूळ मालिका शेजारी-शेजारी पाहा.

बायोप्सीनंतर आठ-दहा दिवसांत केला तर सुईच्या जागचं रक्त टी-वन या एमआरआय मालिकेत कॉन्ट्रास्टविनाच पांढरं दिसतं. ते गाठीच्या मापात धरलं जातं आणि पायाभूत माप फुगतं. पुढे गाठ न बदलताही 'कमी झाली' असं वाटू शकतं.

दोन टोकांच्या चुका सांगतो. पहिली: एमआरआयवर नवीनच डाग दिसला, आणि त्यावरच मॅस्टेक्टॉमी ठरली. तसं करू नये. आधी त्या जागेची सोनोग्राफी पुन्हा करा, दिसलं तर तिथून, नाहीतर एमआरआयखाली बायोप्सी. दुसरी: केमोनंतर एमआरआय कोरा आला म्हणून ऑपरेशनच नको म्हणणं. केमोने, विशेषतः टॅक्सेन गटातल्या औषधांनी, गाठीतला रक्तपुरवठा मंदावतो. मग उरलेला आजार पहिल्या मालिकेत दिसत नाही, पाचव्या-सहाव्या मिनिटाला हलकासा उजळतो. केमोनंतरचा स्कॅन वाचताना उशिराच्या मालिका आवर्जून पाहायच्या त्या यासाठी. हर-टू पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्हमध्ये (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) एमआरआय आणि पॅथॉलॉजी बऱ्यापैकी जुळतात. ईआर पॉझिटिव्ह आणि लोब्युलरमध्ये खूपदा जुळत नाहीत.

गाठ कशी आकसते तेही लिहा. काही गाठी सगळीकडून आत येतात आणि छोटा गोळा उरतो. काही जागच्या जागी विरळ होतात, बेटं-बेटं उरतात. दुसऱ्या प्रकारात सगळ्यात मोठं बेट ९ मिमी असलं तरी पहिल्यापासून शेवटच्या बेटापर्यंतचं अंतर ३५ मिमी असू शकतं, आणि सर्जनला तेच अंतर हवं असतं. दोन्ही आकडे द्या.

वेळ: पहिला केमोआधी, मधला लागलाच तर दोन-तीन सायकलींनी, शेवटचा अखेरच्या सायकलनंतर साधारण दोन आठवड्यांनी. किडनीचा ईजीएफआर (रक्त गाळण्याचा वेग) ३० च्या खाली असेल तर कॉन्ट्रास्ट कोणतं आणि द्यायचं का हे रेडिओलॉजिस्टशी आधी बोलून घ्या.

---

पांढरी_फिल्म

@कॉइलवाला, बेटांचा मुद्दा लाखमोलाचा.

मोजमापाबद्दल जोडते. केमो चालू असताना दर दोन सायकलींनी सोनोग्राफी पुरते, पण एकच साधन शेवटपर्यंत धरा. सोनोग्राफीत रुग्ण उताणी, एमआरआयमध्ये पालथी, मॅमोत दाबलेली. एकच गाठ तिन्हीकडे वेगळी मोजली जाते. पहिलं माप एमआरआयचं आणि दुसरं सोनोग्राफीचं लावून टक्केवारी काढली की ती निरर्थक.

रेसिस्टच्या (गाठीचा प्रतिसाद मोजायचे ठरलेले नियम) हिशोबात सर्वात लांब व्यास ३० टक्के कमी झाला तर अंशतः प्रतिसाद. ३८ चे २६ झाले तर बसतं, ३८ चे २८ झाले तर नाही. वाढ म्हणायला आतापर्यंतच्या सर्वात कमी मापापेक्षा २० टक्के वाढ आणि शिवाय किमान ५ मिमी, दोन्ही हवं. नोड मात्र आखूड बाजूने मोजायचा. १० मिमीच्या आत आला की मापाच्या हिशोबात नॉर्मल. बायोप्सीनंतर लगेच गाठ वाढलेली दिसली तर आधी रक्त साठलंय का पाहा, केमो बदलायची घाई करू नका.

---

टेक्नेशियम

पेट-सीटी कुणाला, तर लक्षणं नसलेल्या स्टेज १ ला नको. लहान गाठ, काख साफ, रक्ततपासण्या ठीक, तरी 'मनाच्या समाधानासाठी' केलेला पेट बहुतेक वेळा खोट्या डागांमागे पळायला लावतो: थायरॉईड, जुना टीबीचा नोड, सांध्याची सूज. मग त्या डागाची बायोप्सी, आणि केमो महिनाभर मागे. नमुन्यातल्या रुग्णाच्या काखेत संशयास्पद नोड आहे आणि आजार आक्रमक आहे, तिला केमोआधी पूर्ण शरीराची तपासणी योग्य. एकतर छाती-पोटाचा सीटी आणि बोन स्कॅन, नाहीतर एफडीजी (किरणोत्सारी साखर) टोचून केलेला पेट-सीटी. पेट-सीटी झाला असेल तर वर बोन स्कॅनची सहसा गरज नसते.

तयारी: चार ते सहा तास उपाशी, साधं पाणी भरपूर. साखर २०० मिग्रॅच्या वर असेल तर पुढे ढकला. आयत्या वेळी इन्सुलिन टोचून लगेच एफडीजी दिलं तर ते सगळं स्नायूंत जातं आणि स्कॅन वाया. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनमुळे आतडी भगभगीत उजळतात. पोटातलं बारीक पाहायचं असेल तर डॉक्टरांना विचारून ४८ तास बंद. इंजेक्शननंतर सुमारे ६० मिनिटं उबदार खोलीत, न बोलता पडून राहायचं. थंडी वाजली की मानेतली तपकिरी चरबी उजळते आणि कॉलरबोनवरचा खरा नोड तिच्यात लपतो.

एक साधी गोष्ट सारखी चुकते. इंजेक्शन आजाराच्या विरुद्ध बाजूच्या हातात द्या. त्याच बाजूला दिलं आणि थोडं शिरेबाहेर झिरपलं तर ते लसीकावाहिन्यांतून काखेत पोचतं आणि निरोगी नोड चमकतो. दंडात नुकतीच लस घेतली असेल तरी तसंच होतं, म्हणून लसीची तारीख आणि बाजू फॉर्मवर लिहून घ्या. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन झालं असेल तर हाडांतली सगळी मज्जा आणि प्लीहा एकसारखी उजळते. ते आजार पसरल्याचं चित्र नव्हे, पण त्या उजेडात खरा डाग सापडत नाही. पहिल्या सायकलआधी स्कॅन केला तर हा प्रश्नच येत नाही.

पेट जे दाखवत नाही तेही माहीत असावं. लोब्युलर कर्करोग एफडीजी कमी ओढतो. कडक, पांढरी पडलेली हाडातली गाठ कधी पेटवर शांत आणि सीटीवर स्पष्ट असते. मेंदू मुळातच साखर खातो, त्यामुळे तिथली छोटी गाठ या स्कॅनने नाकारता येत नाही. डोकेदुखी, उलटी, फिट असेल तर एमआरआय. आणि पेटवर दिसलेला एकच दूरचा डाग सुईने सिद्ध झाल्याशिवाय स्टेज ४ लिहू नका. त्या एका शब्दाने बरं करण्याचा उपचार लांबवण्याच्या उपचारात बदलतो.

पुढे कधी बोन स्कॅन झाला तर: उपचारानंतरच्या पहिल्या तीनेक महिन्यांत बरी होणारी हाडं जास्त उजळतात, नवे डागही दिसतात. दुखणं कमी आणि रुग्ण बरी असेल तर त्यावर औषध बदलू नका, थोड्या अंतराने पुन्हा पाहा.

---

काखेचा_सर्जन

वरच्या सगळ्यांनी नीट काम केलं तर माझं सोपं होतं, म्हणून ऑपरेशनच्या टोकाकडून लिहितो.

काख आधी. नोड पॉझिटिव्ह होता, केमोनंतर नॉर्मल झाला, आणि आपण फक्त सेंटिनल नोड (गाठीकडची लसीका सर्वात आधी जिथे पोचते ते) काढले तर खोट्या निगेटिव्हचं प्रमाण अकोसॉग झेड १०७१ चाचणीत १२.६ टक्के होतं. क्लिप घातलेला नोड सेंटिनलसोबत हमखास काढला तर ते बरंच खाली येतं. २०१६ च्या एका अभ्यासात २ टक्के. त्याच अभ्यासात क्लिपचा नोड २३ टक्के रुग्णांत सेंटिनलमध्ये नव्हताच. तो आपसूक येईल असं धरून चालता येत नाही, त्याला वेगळी खूण लागते.

खूण वायरची असेल तर ती ऑपरेशनच्या दिवशी सकाळी. चुंबकीय सीड (खुणेचा बारीक दाणा) असेल तर काही दिवस आधी घालता येतं, पण एमआरआयवर त्याच्याभोवती काही सेंमीचा काळा खड्डा पडतो. म्हणून शेवटचा एमआरआय होऊन गेल्यावरच सीड. केमोआधीच सीड घातलं की नंतरचे एमआरआय त्या भागापुरते आंधळे. काळा खड्डा नेमका गाठीच्या जागी असेल तर रिपोर्ट काय येणार ते उघड आहे.

सेंटिनलसाठी टेक्नेशियम (किरणोत्सारी खूण) आणि निळा रंग असे दोन्ही वापरा, आणि किमान तीन नोड मिळवा. टेक्नेशियमचं अर्धआयुष्य ६ तास आहे. आदल्या दिवशी दिलं तर डोस त्या हिशोबाने वाढवून मागावा लागतो, नाहीतर टेबलावर प्रोब मुका. काढलेला नोड लगेच एक्स-रेखाली धरा. क्लिप दिसली नाही तर काख बंद करू नका: प्रत्येक नोडचा वेगळा एक्स-रे, मग गॉझ, मग सक्शनची बाटली. जेलचं आवरण असलेली क्लिप नोड कापला जाताच घरंगळून सक्शनमध्ये गेलेली सापडते.

स्तनात ६० मिमीचा पट्टा काढायचा तर दोन वायर, पुढच्या आणि मागच्या टोकाला. वायर घातल्यावरच्या दोन्ही फिल्म थिएटरमध्ये लावा, त्यांवर त्वचेपासून क्लिपपर्यंतचं अंतर लिहिलेलं असावं. वायरचं टोक लक्ष्याच्या पुढे सुमारे १ सेंमी असेल तर ओढली गेली तरी लक्ष्य सुटत नाही. वायर त्वचेत शिरते तिथेच लक्ष्य आहे असं समजून चीर घेऊ नका. मॅमोवर घातलेली वायर कधी लक्ष्यापासून खूप लांबून शिरलेली असते.

नमुना निघाला की त्याच्या दिशा ठरवणारे टाके आधी, एक्स-रे नंतर. रुग्ण भुलेखाली असतानाच रेडिओलॉजिस्टकडून चार गोष्टी ऐका: दोन्ही क्लिप आल्या का, सगळे दाणे आले का, कोणत्या कडेला दाणे टेकले आहेत, वायरचं टोक पूर्ण आहे का. टेकलेल्या बाजूने तिथल्या तिथे आणखी एक पातळ थर घ्या. तीच फिल्म पॅथॉलॉजीकडे नमुन्यासोबत पाठवा. गाठ पूर्ण गेलेल्या स्तनात गाठ कुठे होती हे पॅथॉलॉजिस्ट क्लिपवरूनच शोधतात, आणि क्लिपच्या जागेचे तुकडे तपासले नाहीत तर 'पूर्ण प्रतिसाद' हा शेरा भरवशाचा राहत नाही.

पोकळीच्या भिंतींवर चार ते सहा टायटॅनियम क्लिप ठेवून मगच बंद. त्या रेडिएशनवाल्यांसाठी.

---

शल्यनिवासी

सगळ्यांचे मनापासून आभार, यादी जवळपास तयार झाली. दोन गोष्टी राहिल्या. एक, रुग्ण दुसरीकडे दोन सायकली घेऊन आली, क्लिप नाहीच, तर काय? दोन, हृदयाची तपासणी याच यादीत घालावी का?

---

पांढरी_फिल्म

गाठ अजून दिसत असेल तर त्याच दिवशी क्लिप टाका. २ सेंमीच्या खाली गेली की मुळीच थांबू नका. हर-टू पॉझिटिव्ह गाठी फार झपाट्याने जातात; पुढच्या सायकलपर्यंत राहील हा भरवसा ठेवू नये.

गाठ दिसतच नसेल तर जुनी मूळ चित्रं मागवा, नुसता कागदी रिपोर्ट नको. उरलेलं कॅल्सिफिकेशन, आर्किटेक्चरमधला (ऊतीच्या रचनेतला) ओढलेला भाग, सोनोग्राफीतला काटा-अंतर, एमआरआयमधलं निपलपासूनचं तिन्ही दिशांचं अंतर, हे जुळवून जागा ठरवावी लागते, आणि तिथे क्लिप टाकली तरी रिपोर्टमध्ये 'अंदाजे जागा' असं स्पष्ट लिहायचं. नोडला क्लिप नाही आणि तो नॉर्मल झाला, तर सर्जनला तसं आधी कळवा. काखेत किती करायचं हे त्यावरून बदलतं.

---

इकोखोली

हो, घाला. ट्रास्टुझुमॅबआधी इको आणि नंतर दर ३ महिन्यांनी. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय बाहेर टाकतं त्या रक्ताचा टक्का) मूळ आकड्यापासून १६ अंकांनी घसरलं, किंवा नॉर्मलच्या खालच्या मर्यादेच्या खाली जाऊन मूळ आकड्यापासून १० अंकांनी घसरलं, तर औषध किमान ४ आठवडे थांबवून पुन्हा इको. ६४ वरून ४८ म्हणजे थांबा. ६४ वरून ५८ ही बहुधा दोन बघणाऱ्यांमधली तफावत. म्हणूनच तेच मशीन, तीच पद्धत, शक्यतो तोच माणूस. स्ट्रेनची (हृदयाच्या स्नायूच्या आकुंचनाचं माप) सोय असेल तर पहिल्याच इकोत नोंदवा. ती मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त घसरली तर फ्रॅक्शन पडायच्या आधीच सावध होता येतं. एकदा इको, एकदा म्युगा (किरणोत्सारी खुणेने केलेला हृदयाचा स्कॅन) असं करू नका, आकडे जुळत नाहीत. डाव्या बाजूच्या मॅस्टेक्टॉमीनंतर किंवा एक्स्पांडर (स्तनाच्या जागी ठेवलेली फुगवायची पिशवी) असताना इकोत हृदय नीट दिसत नाही, त्यामुळे केमोआधीचा चांगला इको तर हवाच.

---

प्लॅनिंग_सीटी

यादीत आमचीही एक ओळ घ्या. रेडिएशनचा आराखडा केमोआधीच्या आजारावर ठरतो, नंतरच्यावर नाही. कॉलरबोनवरचा किंवा छातीच्या हाडाशेजारचा नोड केमोने गायब झाला तरी ती जागा उपचारात घ्यायची असते, आणि ती जागा आम्हाला फक्त पहिल्या पेट-सीटीवरून कळते. म्हणून तो पेट-सीटी हात डोक्यावर ठेवून करा. प्लॅनिंगचा सीटी तसाच होतो, मग दोन्ही एकमेकांवर नीट बसतात. हात खाली ठेवून केला तर काख आणि कॉलरबोनचा भाग जुळतच नाही. चित्रं डायकॉम (मूळ डिजिटल) स्वरूपात जपून ठेवा. छापील फिल्म किंवा मोबाइलवरचा फोटो प्लॅनिंगच्या संगणकात जात नाही.

डाव्या बाजूचं असेल तर प्लॅनिंग सीटी श्वास रोखून आणि साधा, असे दोन करतो. श्वास भरला की हृदय छातीच्या भिंतीपासून मागे-खाली सरकतं. २० सेकंद श्वास धरता येणं पुरतं, आणि त्याचा सराव रुग्णाला केमोच्या काळातच सुरू करायला सांगितला तर प्लॅनिंगच्या दिवशी वेळ जात नाही. स्लाइस ३ मिमीच्या. पोकळीत सर्जनने क्लिप ठेवल्या नसतील आणि आजूबाजूची ऊती फिरवून आकार सुधारला असेल, तर बूस्ट (गाठीच्या जागेला जादा डोस) कुठे द्यायचा हे सीटीवरून ठरवता येत नाही. ऑपरेशनच्या नोंदीत क्लिपची संख्या आणि कोणती क्लिप कोणत्या भिंतीवर हे लिहायला सांगा.